निबंधाच्या वहीत नानी कुठे आहे?

घरी शिकवायचं म्हणजे घरात शाळा आणायची, असा समज आपल्याकडच्या काही हौशी पालकांनी करून घेतला आहे. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, दहाच्या ठोक्याला तास, इंग्रजी वर्कबुकं आणि अम्मीच्या हातात लाल पेन. मग शाळेनं काय घोडं मारलं होतं? तिथं निदान डबा वाटून खायला सोबती होते.

माझं म्हणणं साधं आहे. घरी शिकणाऱ्या मुलानं आपल्या कुटुंबाची वही लिहावी, मराठीत. घरात घडलेलं, ऐकलेलं, मोजलेलं तिच्यात उतरावं. महिन्याअखेरीस ती सगळ्यांसमोर वाचावी, परगावच्या नातेवाइकांना पाठवावी. वाचणारं खरं माणूस असलं की मूल नीट लिहितं. गुणांसाठी लिहिलेला ‘माझी आई’ हा निबंध गाइडमधून येतो आणि त्यातली आई कुणाचीच नसते.

‘यातून गणित, भूगोल कसा येणार?’ असं विचारणाऱ्यांनी रमजानचा महिना घ्यावा. मुंबईतला नातू आणि नागपूरची नानी यांच्या इफ्तारच्या वेळा महिनाभर शेजारी शेजारी लिहून बघा. नानीचा रोजा सुमारे २५ मिनिटं आधी सुटतो. का? मुंबई साधारण ७३ रेखांशावर, नागपूर ७९ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. पुढच्या वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकला, हा प्रश्न पोर आपणहून विचारतं. अब्बांच्या १,२०,००० रुपयांच्या बचतीवर अडीच टक्के जकात म्हणजे ३,००० रुपये. शेकडेवारीचा हा हिशोब मूल विसरत नाही, कारण ते पैसे कुणाच्या हातात गेले हे त्यानं पाहिलेलं असतं.

हे काही नवं खूळ नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नयी तालीम मांडली, तेव्हा तिची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते. मातृभाषा आणि हाताचं काम हा तिचा पाया. आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो आणि मुलांना मात्र गाइड आणून देतो.

‘घरातलं बाहेर कशाला?’ ही शंका खरी आहे. कुणाचं कर्ज, कुणाचं आजारपण वहीत येऊ नये. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला आधी विचारावं, हाही धडाच. पण याच सबबीखाली मुलीच्या हातातली वही काढून घेणार असाल, तर तुम्हाला चिंता अब्रूची नाही, मुलगी प्रश्न विचारेल याची आहे.

राहिली शुद्धलेखनाची गोष्ट. पोर ‘खाला’, ‘सालन’ लिहील, वेलांट्या चुकतील. चुकू द्या. मराठी पुस्तकांत आपली घरं बहुधा ईदच्या शिरखुर्म्यापुरतीच येतात, याची तक्रार आपण किती वर्षं करणार? ती घरं लिहिणारं पोर आपल्याच चुलीपाशी बसलेलं आहे.

आणि नानी उर्दूत किंवा दखनीत सांगत असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, खाली मराठी अर्थ मुलानं स्वतः लिहावा. एखाद्या शब्दापाशी अडलं तर नानीलाच विचारावं, शब्दकोश नंतर.