गाडी कोठें उभी करावी?

आमच्या भंडारा जिल्ह्यांत घर बांधणाऱ्यास बंडी कोठें ठेवावी हें पूर्वीं कोणी शिकवीत नसे. बैलांस कोठा लागे, बंडीस अंगण लागे. तीं नसलीं तर घरास घर म्हणण्याची सोय नव्हती. आतां तींच अंगणें मोडून मजल्यांवर मजले चढूं लागले आहेत, आणि अंगण जें आपण होऊन देत असे तें मिळविण्यासाठीं सरकारास नियम करावा लागला.

हा नियम डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलींत आहे. मुंबई व कांहीं थोडे प्रदेश वगळतां ती राज्यभर लागू असल्यामुळें भंडारा, तुमसर, पवनी येथील नगरपरिषदाही तिच्या कक्षेंत येतात. नकाशा मंजुरीस घालतांना वाहनांची जागा त्यांत दाखवावी लागते. मोटारीस साधारणतः अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब, दुचाकीस एक मीटर रुंद व दोन मीटर लांब.

मोटारीचे हे साडेबारा चौरस मीटर म्हणजे विद्यार्थ्याची चांगली ऐसपैस खोली झाली! तिचा खर्च घराच्या किंमतींत मिसळतो, आणि जन्मभर पायीं कचेरींत गेलेला गृहस्थही तो भरतो. अमेरिकेंतील कोलंबस शहरानें १९२३ सालींच अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींवर असें बंधन घातलें होतें. जपाननें १९६२ च्या कायद्यानें मोटार घेणाऱ्यासच बांधून घेतलें: आधीं जागा दाखवा, मग गाडी नोंदवा. आम्हांस ही रीत अधिक न्याय्य वाटते.

आपल्याकडे खरी अडचण निराळीच आहे. नकाशांत खांबांमधील मोकळी जागा असते. इमारत उभी राहिल्यावर तेथें शटर बसतें, दुकान थाटतें, आणि गाड्या गल्लींत येतात. त्याच गल्लींतून रात्रीं अपरात्रीं रुग्णवाहिका यावयाची असते. घरांत वृद्ध मंडळी असलेल्या कुटुंबास ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

यास्तव वडिलोपार्जित वाडा बिल्डरास देऊं पाहणाऱ्या भावांनीं खोल्यांच्या वांटणीवर वाद घालण्यापूर्वीं नकाशांतील तळमजला पाहावा. सून व मुलगी यांच्या दुचाक्यांची जागा मोटारीच्या आधीं मोजावी. रोजचें काम त्यांवरच चालतें. "गाडीचें पाहूं मागाहून" या तोंडी वचनावर विसंबूं नये. उघड्यावरील जागा विकतां येत नाहीं, हें महारेरानें २०२१ सालींच स्पष्ट केलें आहे. छताखालील जागेची लांबी, रुंदी, उंची व नेमकें स्थान करारपत्रास जोडलें पाहिजे, असा त्याच प्राधिकरणाचा २०२४ चा आदेश आहे; कारण पैसे भरून मिळालेल्या जागेंत तुळई आडवी आल्यानें गाडी शिरत नाहीं, अशा तक्रारी होत्या. आठांहून अधिक सदनिका नसलेल्या इमारतीस महारेराची नोंदणी माफ आहे, आणि आमच्याकडील पुष्कळशा इमारती तेवढ्याच असतात. परंतु तेथेंही हाच मजकूर आपल्या करारांत लिहून घेण्यास कोणाची मनाई नाहीं.