नियम सांगायचा तर अटींसकट

आपल्यापैकी बहुतेकांना चंदीगड ठाऊक आहे ते शिमला-मनालीच्या ग्रुपचा पहिला किंवा शेवटचा मुक्काम म्हणून. विमानातून किंवा शताब्दीतून उतरलेली मंडळी बसमध्ये बसवायची, रॉक गार्डन आणि सुखना तलाव दाखवायचा, पिंजोरची बाग करून वर डोंगराला लागायचे. या शहरात आणखी एक धंदा चालतो, तो आपल्या धंद्याचा सख्खा भाऊ आहे. सेक्टर 17 च्या बाजारात मान वर करून पाहिले तर वरच्या मजल्यांवर पाट्यांची दाटी दिसते: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूके, व्हिजिटर व्हिसा, टुरिस्ट व्हिसा, नकार आलेल्या फायलींचे काम. परदेशाच्या प्रवेशनियमात काही हलले की पहिली झळ या पाट्यांखालच्या माणसांना लागते. आपल्यापर्यंत ती थोड्या दिवसांनी येते, पण येतेच. म्हणून या महिन्यात चंदीगडकडे बघून बोलायचे आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये भारत-कॅनडा वाद टोकाला गेला, कॅनडाने आपले 41 राजनैतिक अधिकारी माघारी बोलावले, आणि चंदीगड, मुंबई व बंगळूर इथल्या वाणिज्य दूतावासांतले प्रत्यक्ष भेटीचे कामकाज थांबवले. अर्ज आणि बायोमेट्रिक घेणारी व्हिसा केंद्रे मात्र चालू होती. ‘कॅनडाचा व्हिसा बंद झाला’ आणि ‘कॅनडाच्या व्हिसाला उशीर लागेल’ या दोन वाक्यांत एखाद्या आजीची नातवाच्या मुंजीची वारी अडकलेली असते. तो फरक ग्राहकाला समजावून सांगणे हेच त्या दिवसांत एजंटाचे खरे काम होते. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये कॅनडाने अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनाही बदलल्या. जास्तीत जास्त मुदतीचा मल्टिपल एंट्री व्हिसा सरसकट देण्याची रीत संपली. किती मुदत द्यायची आणि किती वेळा येऊ द्यायचे, हे आता अर्ज पाहणारा अधिकारी ठरवतो. तरीही ‘दहा वर्षांचा व्हिसा काढून देतो’ असे तोंडी आश्वासन आपल्याकडेही सर्रास दिले जाते. ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण खरा धडा कॅनडाचा नाही, इराणचा आहे.

4 फेब्रुवारी 2024 पासून इराणने साध्या भारतीय पासपोर्टवर व्हिसाविना प्रवेश दिला. बातमी आली, ‘व्हिसा फ्री देशां’च्या यादीत आणखी एक नाव चढले, आणि यादी व्हॉट्सॲपवर फिरू लागली. अटी यादीत नव्हत्या. हा प्रवेश फक्त पर्यटनासाठी होता. फक्त विमानाने येणाऱ्यांसाठी होता, जमिनीच्या नाक्यावरून नव्हे. सहा महिन्यांत एकदाच मिळत होता. मुक्काम जास्तीत जास्त पंधरा दिवसांचा, आणि ती मुदत वाढवून मिळत नव्हती. यांतली एक अट सुटली तरी तो प्रवासी ‘व्हिसा फ्री’ राहत नव्हता.

मे 2025 च्या पहिल्या दिवशी पंजाबातले तीन तरुण तेहरानला उतरले आणि बेपत्ता झाले. एक संगरूरचा, एक नवांशहरचा, एक होशियारपूरचा. चंदीगडहून गाडीने काही तासांवरची ही गावे. एजंटाने त्यांना ऑस्ट्रेलियाला पोहोचवतो म्हणून दुबई आणि इराणमार्गे धाडले होते. अपहरण करणाऱ्यांनी घरच्यांकडे खंडणी मागितली. जूनच्या सुरुवातीला तेहरानच्या पोलिसांनी त्यांना सोडवले. अशा घटना वाढल्या तेव्हा 17 नोव्हेंबर 2025 रोजी परराष्ट्र मंत्रालयाने कळवले की 22 नोव्हेंबरपासून इराणने ही सवलत स्थगित केली आहे. प्रवेशासाठी तर व्हिसा लागेलच, इराणमध्ये विमान बदलून पुढे जायचे असले तरी लागेल. सूचना आणि अंमल यांच्यात पाच दिवस होते. ज्यांनी महिनाभर आधी तेहरानमार्गे स्वस्त तिकिटे काढून दिली होती, त्यांच्या हातात फक्त हे पाच दिवस.

सवलत मागे घेण्याचे कारणही नीट वाचले पाहिजे. पर्यटकांसाठी उघडलेले दार पर्यटक नसलेल्यांना पुढे सरकवण्यासाठी वापरले गेले. सर्बियाचेही असेच झाले. 2017 पासून भारतीयांना तिथे तीस दिवस व्हिसाविना राहता येत होते. त्या वाटेने लोक युरोपीय संघात शिरू लागले, आणि 1 जानेवारी 2023 पासून सर्बियाने सवलत बंद केली. डिसेंबर 2023 मध्ये फुजैराहून निकाराग्वाला निघालेले विमान फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर रोखले गेले. त्यात 303 प्रवासी होते, बहुतेक भारतीय. 276 जण मुंबईला परत आले. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत चंदीगडचे दोघे होते आणि महाराष्ट्रातले तिघे. ‘हे पंजाब-हरियाणाचे दुखणे आहे, आपले नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तो शेवटचा आकडा लक्षात घ्यावा.

याची किंमत खरा पर्यटक मोजतो. सांगलीचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी आयुष्यात प्रथमच परदेशी निघतात, आणि इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडचा अधिकारी त्यांच्याकडे त्याच संशयाने पाहतो. परतीचे तिकीट दाखवा, हॉटेलचे बुकिंग दाखवा, पैसे किती आणले ते दाखवा. कागद नसले, किंवा असलेले कागद नीट बोलत नसले, तर त्या वयात त्यांना एका खोलीत बसवून पुढच्या विमानाने परत पाठवतात. ही भीती मी वाढवून सांगत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आर्मेनियातून जॉर्जियात जाणाऱ्या 56 भारतीयांना सदाखलो नाक्यावर तासन् तास ताटकळत ठेवल्याची तक्रार त्यांच्यातल्याच एका प्रवासी महिलेने जाहीरपणे केली. आपल्याकडे वैध कागदपत्रे होती, असे तिचे म्हणणे होते.

जॉर्जियाचे नाव काढलेच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण गेल्या काही वर्षांत मराठी ग्रुप तिकडे मोठ्या उत्साहाने वळले आहेत आणि नियमाचा सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. भारतीय पासपोर्टला जॉर्जियात सरसकट मोकळीक नाही. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन देश अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा किंवा निवासपरवाना ज्याच्याकडे आहे, त्याला 180 दिवसांत 90 दिवस वेगळ्या व्हिसाविना राहता येते. बाकीच्यांनी आधी व्हिसा काढायचा. आता एका ग्रुपमध्ये वीस माणसे असतील तर सहाजणांकडे अमेरिकेचा व्हिसा असतो, दोघांकडे शेंगेनचा असतो पण त्याची मुदत सहलीआधीच संपलेली, आणि बाकी बाराजणांकडे काहीच नाही. जाहिरात मात्र सगळ्यांसाठी एकच: ‘जॉर्जिया, व्हिसाची कटकट नाही’. त्या दोघांच्या पासपोर्टवर शेंगेनचा स्टिकर दिसतो म्हणून ऑफिसातला नवा मुलगा टिक करतो. स्टिकर असणे आणि प्रवेशाच्या दिवशी तो व्हिसा चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फायलीवर ती तारीख लाल शाईने लिहायची सवय लावा.

ग्राहकाला अडवणारा पहिला माणूस परदेशी अधिकारी नसतो, तो मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी असतो. परत पाठवलेल्या प्रवाशाला आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, वर दंडही होतो. म्हणून तो कर्मचारी टायमॅटिकमध्ये, म्हणजे विमान कंपन्या वापरतात त्या प्रवेशनियमांच्या नोंदप्रणालीत, जे दिसते तेच प्रमाण मानतो. तुम्ही दाखवलेला लेख, युट्यूबचा व्हिडिओ किंवा ‘गेल्या महिन्यात आमचा ग्रुप गेला होता’ हे वाक्य त्याला चालत नाही. प्रत्येक बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात विमान कंपनीकडून हीच नोंद तपासून घेणे हा आपल्या कामाचा भाग आहे. हे काम फुकट करू नये. त्याचे पैसे घ्यावेत, आणि बिलावर ते ‘सेवाशुल्क’ म्हणून स्वच्छ लिहावेत. थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचे आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ते मोफत मिळते. ते भरून देण्याची मेहनत आपली, म्हणून शुल्क आपले. पण ते ‘थायलंड सरकारची फी’ म्हणून लावले जाते तेव्हा त्याला धंदा म्हणता येत नाही.

नावांकडे या. यात पंजाब आणि महाराष्ट्र दोघेही सारखेच अडतात, फक्त कारणे वेगळी. पंजाबात पुष्कळांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिले नाव आणि सिंग किंवा कौर हे दोन्ही असते आणि आडनावाचा रकाना कोरा. आपल्याकडे आडनाव असते, पण ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र असते. तिकीट काढणारा मधले नाव गाळतो, ई-व्हिसाचा अर्ज भरणारा ते घालतो, हॉटेलचे बुकिंग लग्नाआधीच्या आडनावाने होते. विएतनामच्या ई-व्हिसावर एक अक्षर चुकले तरी काउंटरवर थांबवतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव आहे का हे शोधत बसण्याची वेळ आली. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन यंत्रवाचनाच्या ओळी असतात, त्या बघून अर्ज भरा. मंडळी त्या ओळींकडे पाहतच नाहीत. विमानतळावरचे यंत्र मात्र त्याच वाचते.

आणखी एक गोष्ट ग्रामीण भागात काम करणाऱ्यांसाठी. दहावी न झालेल्या ग्राहकाचा पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असलेला, असतो. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, अमिरात हे आपले रोजचे देश ईसीआरच्या यादीतलेच आहेत. पर्यटनासाठी जाणाऱ्याला उत्प्रवास मंजुरी लागत नाही, पण आपल्याच इमिग्रेशनवर त्याला जास्त प्रश्न विचारले जातात. विदर्भातला कापूस उत्पादक दुबईला जायला निघाला तर परतीचे तिकीट, हॉटेल आणि ग्रुपचे पत्र त्याच्या स्वतःच्या हातात हवे. टूर लीडरच्या पिशवीत असून उपयोग नाही. आणि त्याला आपण कुठे, किती दिवस, कशासाठी चाललो हे त्याच्याच भाषेत आधी सांगितलेले हवे. तो खोटे बोलत नसतो, त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

डमी तिकिटाचा विषय टाळता येणार नाही. व्हिसाच्या फायलीला जोडायला दोनशे-चारशे रुपयांत बनावट आरक्षण मिळते, हे या धंद्यात सगळे जाणतात. रक्कम भरायच्या आधी काही दिवस धरून ठेवलेले खरे आरक्षण वेगळे, आणि पीएनआर टाकल्यावर काहीच न उघडणारा कागद वेगळा. दुसऱ्या प्रकाराने व्हिसा नाकारला गेला की तो डाग ग्राहकाच्या नावावर राहतो, आपल्या नावावर नाही. म्हणूनच ते करणे अधिक गैर आहे.

पंजाबने 2012 मध्येच मानवी तस्करी रोखण्यासाठी कायदा केला. ट्रॅव्हल एजंट आणि सल्लागारांना परवाना सक्तीचा झाला, आणि 2014 मध्ये त्याचे नाव बदलून ‘ट्रॅव्हल प्रोफेशनल्स रेग्युलेशन ॲक्ट’ झाले. हरियाणाने 2025 मध्ये आपला कायदा केला. पंजाबचा कायदा झाला तेव्हा चंदीगड केंद्रशासित म्हणून त्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि दोन राज्यांची राजधानी असलेल्या शहरात बसून दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना गाठणे काहींना सोयीचे झाले. आपल्याकडे गुमास्ता आणि जीएसटी क्रमांक घेतला की दुकान सुरू करता येते. सरकारने परवाना लावावा की नाही यावर आपल्या संघटनांत दोन मते आहेत. माझे मत परवान्याच्या बाजूचे आहे, पण त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. ग्राहकाला एका पानावर, मराठीत, लेखी द्या: या देशाचा नियम आज काय आहे, कोणत्या तारखेला आणि कुठे पाहिला, कोणत्या अटी तुम्हाला लागू आहेत, व्हिसा नाकारला किंवा सीमेवरून परत पाठवले तर कोणते पैसे मिळतील आणि कोणते नाही. खाली तुमची सही आणि ग्राहकाची सही. हा कागद केला की विक्री थोडी घटते, असे काही व्यावसायिकांनी कळवले आहे. घटू द्या. अटी ऐकून जो मागे हटला, त्याला काउंटरवरून परत फिरण्यापासून तुम्ही वाचवले आहे.

या मासिकानेही आपल्या बाजूने एक गोष्ट ठरवली आहे. पुढच्या अंकापासून नुसते ‘व्हिसा फ्री’ किंवा ‘व्हिसाची हमी’ असे लिहिलेली जाहिरात आम्ही घेणार नाही. देशाचे नाव, मुक्कामाची मर्यादा, लागू असलेल्या अटी आणि नियम पाहिल्याची तारीख जाहिरातीतच, तितक्याच मोठ्या अक्षरात हवी. आधी पैसे भरलेल्या जाहिरातदारांना मजकूर बदलून देण्यासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. ज्यांना बदलायचा नसेल त्यांची रक्कम पूर्ण परत केली जाईल.