वादळानंतरचे अंगण

गेल्या ज्येष्ठात आलेल्या वादळाने आमच्या पलासियातील घराच्या अंगणातला गुलमोहर आडवा केला. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रकार. सकाळी पाहतो तो फाटकापासून ओट्यापर्यंत मोडक्या फांद्या, फुटक्या कुंड्या, कुठल्याशा गच्चीवरून उडून आलेला गंजका पत्रा आणि या सर्वांवर लाल पाकळ्यांचा सडा. शेजाऱ्यांचा सल्ला तयार होता : "डॉक्टरसाहेब, आता तो कडुनिंबही काढून टाका आणि सगळीकडे फरशी बसवा. कायमची कटकट जाईल."

सल्ला सद्‌हेतूने दिलेला होता. परंतु उन्मळलेल्या बुंध्यापाशी उभा राहिलो, तेव्हा दिसले की एका बाजूची मुळे सरळ रेषेत तुटलेली आहेत, आणि ते तुटणे जुने आहे. काही वर्षांपूर्वी मोटार ठेवण्यासाठी मीच तेथे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. मजूर मुळे तोडत होता आणि मी शेजारी उभा होतो. गुलमोहराची मुळे आधीच उथळ. त्याचा एका बाजूचा आधारच मी काढून घेतला. मृत्यूचा दाखला लिहिताना आपण तात्कालिक कारण आणि मूळ कारण निरनिराळ्या ओळींत नोंदवतो. येथे पहिल्या ओळीत वादळ आले असते, खालच्या ओळीत मी.

म्हणून कडुनिंब काढला नाही. त्याच्याभोवतीचे ब्लॉक काढले. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता. आपल्या अंगणात हे करायला आदेशाची वाट कशाला पाहावी? उलट झाड तोडायचे तर आपल्या राज्यात 2001 च्या कायद्याने परवानगी घ्यावी लागते, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

कडुनिंबाची एक फांदी अर्धवट चिरली होती. माळी ती खोडाशी सपाट कापून वर डांबर लावणार होता. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले आहे, की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो, तो या कामी येतो. तो राखून बाहेरून कापावे. रंग-डांबराने कूज थांबत नाही. शल्यचिकित्सक मित्रांना हे सहज पटावे.

पत्रा उचलणाऱ्या माळ्याला धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे विचारायचे मात्र मीच विसरलो. दुपारी आठवले. फुटक्या कुंड्यांत साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकले. डेंग्यूच्या डासाला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात.

उरला पालापाचोळा. इंदूरची कचरागाडी तो नेते आणि चोख नेते. तरीही मी दिला नाही. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे संस्था उभारली आणि यशवंत वाड यांच्यासह 1931 च्या ग्रंथात कंपोस्टची जी रीत मांडली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पाला, शेण, माती व राख यांचे थर, पाण्याचा शिडकावा, अधूनमधून उलटापालट. तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या कडक पळाट्या ते रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मीही गुलमोहराच्या डहाळ्या फाटकात पसरल्या आणि आठवडाभर त्यांवरून मोटार नेली. पत्नीने ही डॉक्टरांची नवी प्रॅक्टिस म्हणून नातेवाइकांना सांगितले.

भाद्रपदाच्या अखेरीस खत काळे, भुसभुशीत झाले. गुलमोहराच्या जागी आता जांभळाचे रोप आहे. मोटार बाहेर रस्त्यावर उभी असते आणि त्यावरून घरात अजून कुरकुर चालते.