एआय कोड लिहितंय, मग वेब डेव्हलपमेंट शिकायचं कशाला? मिरा-भाईंदरच्या डब्यावाल्या काकूंचं उदाहरण

समजा, मिरा रोडच्या शांती नगरमध्ये राहणारी बीएससी आयटीची एक विद्यार्थिनी आहे. सकाळी लोकल, दुपारी कॉलेज, रात्री लॅपटॉप. इन्स्टावर एक रील म्हणते, ‘कोडिंग संपलं’. पुढचीच रील म्हणते, ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक व्हा’. दोन्ही बघून झोप उडणारच ना?

आपल्याकडे या वाटेची सुरुवात अनेकांची बारावीत होते. राज्य मंडळाच्या आयटी विषयाच्या २०१९ आणि २०२० च्या पुस्तकांत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहे. कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांच्या वाट्याला सी प्लस प्लस आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर येतो. हा प्रोसेसर १९७६ सालचा, म्हणजे तुमच्या आई-बाबांच्या वयाचा! टिंगल करण्यासारखं वाटतं खरं, पण यातून एक सवय लागते: मशीन नेमकं काय करतंय हे एकेक पायरी बघायची. आज सगळ्यात जास्त गरज याच सवयीची आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. म्हणजे काय हवंय ते एआयला सांगायचं आणि आलेला कोड फारसा न वाचताच चालवायचा. वर्षअखेरीस कॉलिन्स शब्दकोशाने तोच वर्षाचा शब्द ठरवला. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर घबराट पसरली. ती बातमी नीट वाचली तर कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतली होती, फ्रेशर्सची नव्हती.

पण म्हणून निवांत बसावं असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या शिखरापासून जवळपास २० टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. अनुभवी लोकांचं तसं झालं नाही. आकडे अमेरिकेचे आहेत, पण आपल्या आयटी कंपन्यांचे मोठे ग्राहक तिथलेच आहेत. माझ्या मते, नुसता ‘पेज बनवून देतो’ म्हणणाऱ्याचं काम खरंच स्वस्त झालंय.

मग महाग काय राहिलं? आपल्या विद्यार्थिनीकडेच परत येऊ. बिल्डिंगमधल्या डबा देणाऱ्या काकू तिला म्हणतात, “अगं, तू कॉम्प्युटरचं शिकतेस ना, मला ऑर्डर घ्यायला काहीतरी बनवून दे की.” ती एआयकडून तासाभरात साइट बनवून घेते. मेन्यू दिसतो, बटण चालतं, पेमेंट होतं. काकू खूश.

आता आत बघू. महिन्याचा डबा २४०० रुपयांचा. ‘ऑर्डर करा’ दाबलं की ब्राउझर सर्व्हरला दोन गोष्टी पाठवतो: कोणता डबा आणि किंमत २४००. सर्व्हर तो आकडा जसाच्या तसा घेऊन पेमेंटची मागणी तयार करतो. पण ब्राउझर ग्राहकाच्या हातात आहे! कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडायचं, २४०० चे २४ करायचे, झालं. पेमेंट ‘यशस्वी’ दिसतं, काकू महिनाभर डबा देतात आणि हिशोब जुळत नाही तेव्हा डोकं धरून बसतात.

उपाय अगदी साधा आहे. ब्राउझरने फक्त कोणता डबा हवाय तेवढं पाठवायचं. किंमत सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमधून काढायची. बदल दोन-चार ओळींचा, आणि एआय तो लगेच करूनही देईल. पण तो मागायला हवा, हे सुचण्यासाठी ब्राउझर कुठे संपतो आणि सर्व्हर कुठे सुरू होतो हे डोक्यात पक्कं असावं लागतं. फॉर्ममधला मोबाइल नंबर फक्त जावास्क्रिप्टने तपासणं, किंवा गुप्त की रिॲक्टच्या कोडमध्ये ठेवणं, या चुकाही त्याच जातीच्या. ब्राउझरपर्यंत पोचलेली कोणतीही गोष्ट गुप्त राहत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के लोकांनी एआय वापरतो किंवा वापरणार आहे असं सांगितलं, आणि ४६ टक्क्यांनी त्याच्या अचूकतेवर भरवसा नसल्याचंही सांगितलं. सगळ्यात मोठी तक्रार काय? उत्तर ‘जवळपास’ बरोबर असतं. काकूंची साइट जवळपास बरोबरच होती की!

डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्समध्ये एक त्रुटी सापडली, धोक्याची पातळी १० पैकी १०. नेक्स्ट जेएसच्या साइट्सनाही फटका बसला. दुरुस्त आवृत्ती लगेच आली. पण आपल्या साइटमध्ये काय काय बसवलंय हेच ज्याला माहीत नाही, त्याला ही बातमी आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

लॅपटॉप नसेल तरी सुरुवात अडत नाही. स्पिक किंवा एकोडसारखे एडिटर अँड्रॉइडवर चालतात, आणि गिटहब पेजेसवर साधी साइट फुकटात टाकता येते. इन्स्पेक्ट मात्र मोबाइलच्या क्रोममध्ये मिळत नाही, त्यासाठी कॉलेजच्या लॅबमधला एक तास मागून घ्या. तिथे स्वतःचीच साइट उघडा आणि २४०० चे २४ करून बघा.