साहेबांना घेऊन या

गाडी माझ्या नावावर आहे. कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून जातो. लायसन्स माझं, चालवते मी. पण गाडीबद्दल सर्व्हिस सेंटरमधून फोन गेला तो माझ्या नवऱ्याला. “सर, मॅडमना जरा समजावून सांगा. एसीत काही प्रॉब्लेम नाही.”

मैत्रिणींनो, त्या फोनबद्दल मला लिहायचं आहे.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याच्या एका शाळेत. वडखळ, नागोठणं, भिसे खिंड हा माझा रोजचा रस्ता. बरीच वर्षं एसटीने केला, कधी दिवा-रोहा गाडीने केला. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला ही गाडी घेतली. दोन सहकारी शिक्षिका बरोबर असतात, पेट्रोलचा खर्च तिघींत वाटून घेतो. त्यातल्या एकीला दमा आहे. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि आमच्या नोकरीची कितीतरी वर्षं त्याची धूळ खाण्यात गेली. रोहा जवळ आलं की वारा असेल तसा धाटावच्या रासायनिक कारखान्यांचा वास येतो. काचा उघड्या ठेवून हा प्रवास तिला झेपत नाही. म्हणून एसीची गाडी घेतली, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पंधरा दिवसांत एसीतून गरम हवा यायला लागली. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “साहेब नाही आले?” मग म्हणाला, “नवीन गाडी आहे मॅडम, तुम्हाला सवय नसेल. बटण चुकीचं दाबलं जात असेल.” गाडी बघितलीही नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले, गॅस कमी झालाय, भरून देतो. गॅस वॉरंटीत येत नाही, पैसे भरा. भरले. तीन आठवडे गार हवा आली, मग पुन्हा तेच. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. चौथ्या खेपेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. त्या दिवशी गाडी ठेवून मी शाळेत गेले. संध्याकाळी नवऱ्याला तो फोन आला आणि जॉबकार्डावर लिहिलं होतं, ‘दोष आढळला नाही’.

नवराही “बरं बरं” म्हणून मोकळा झाला होता. घरी आल्यावर म्हणाला, “ते म्हणतायत ना काही नाही, मग कशाला एवढं?” तो भला माणूस आहे, मारझोड करणारा नाही. पण त्या गाडीत तो महिन्यातून दोनदा बसतो. रोज बसणाऱ्या तिघींचं म्हणणं एका बाजूला आणि फोनवरच्या अनोळखी पुरुषाचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला. तरी पारडं तिकडे झुकलं. मला जास्त राग कशाचा आला असेल, तर याचा.

मग मी ठरवलं की हे यंत्र समजून घ्यायचं. पेणमधल्या एका जुन्या मेकॅनिककडे रविवारी दोन तास बसले. त्याने बॉनेट उघडून एकेक भाग दाखवला. समोर जाळीमागे कंडेन्सर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, डॅशबोर्डच्या आत थंड होणारी कॉइल. यातून गॅस फिरत राहतो. सगळी व्यवस्था बंदिस्त असते. पेट्रोल जळून संपतं तसा हा गॅस संपत नाही. नव्या गाडीत तो काही आठवड्यांत कमी झाला, याचा अर्थ कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत भरतात तो आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता हवेत धरून ठेवतो. म्हणजे माझे पैसे गेले ते गेलेच, वर गॅस हवेत सोडला.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला आधीच कळायला हवी होती. पावसात आपल्या श्वासाची वाफ समोरच्या काचेवर आतून धरते. एसीच्या थंड कॉइलवर हवेतला दमटपणा पाणी होऊन गळून जातो. एसी लावून गाडी उभी केली की खाली पाणी टपकतं ते हेच. कोरडी झालेली हवा काचेवर सोडली की काच स्वच्छ होते. एसी बंद असेल तर भिसे खिंडीत, धो धो पावसात, एका हाताने फडकं फिरवत गाडी हाकायची. जूनमध्ये मी तेच करत होते. आणि मला सांगितलं जात होतं की बायकांना जरा जास्तच उकडतं!

हे कळल्यावर मी पत्र लिहिलं. तारखा, खेपा, भरलेले पैसे, सगळं. खाली तीन मागण्या: माझ्यासमोर एसीच्या जाळीतल्या हवेचं तापमान मोजा, गळतीची चाचणी करा आणि निष्कर्ष लेखी द्या. गाडीबाबत फोन फक्त माझ्या नंबरवर करा, हेही लिहिलं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पाचव्या खेपेला, गणपतीच्या तोंडावर, रजा काढून मी तिथेच खुर्ची टाकून बसले. पाइपच्या एका जोडातून गळती सापडली. जोडातली रबरी रिंग नीट बसलेली नव्हती. काम तासाभराचं. एसी तेव्हापासून चालू आहे.

गळती दोषामुळे होती, तेव्हा दोन वेळच्या गॅसचे पैसे परत द्या आणि ते खोटं ‘दोष आढळला नाही’ दुरुस्त करून द्या, असं मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. म्हणून अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. निकाल लागायचा आहे.

आमच्या गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक मैत्रीण चिडली. म्हणाली, “वाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून चालतायत, आणि आपण गाडीतल्या गार हवेवर बोलायचं?” तिचा राग मला समजतो. हंडा आणि एसी एका मापाचे नाहीत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचे प्रश्न चळवळीचा सगळा वेळ खातात, हेही अनेकदा खरं असतं. पण त्याच बैठकीत बचतगटातली एक बाई म्हणाली, “ताई, माझ्या घरघंटीचं असंच झालं. मोटर जळायची. दुकानदार म्हणायचा, दळताना तुम्ही दाणे जास्त टाकता, मालकांना पाठवा.” तिचा मालक वारून सहा वर्षं झालीत. मग दुसरी बोलली शिलाई मशीनबद्दल, तिसरी बँकेच्या खिडकीबद्दल. ‘साहेबांना घेऊन या’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं होतं.

प्रश्न गार हवेचा नाही. बाईने स्वतः पाहिलेलं, हाताळलेलं, सोसलेलं तिच्या तोंडून सांगितलं तर त्याला पुरावा मानायचं की नाही, हा आहे. यंत्र बाईला कळत नाही हे गृहीत धरलं की यंत्रातला प्रत्येक दोष बाईचा होतो आणि दुरुस्तीचा खर्चही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझने नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलग्यांना घेऊन शंभरएक किलोमीटर दूर माहेरी गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. त्या धंद्यात तिच्या हुंड्याचा पैसा होता. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्तीही बाईने केली, आणि आज आम्हाला विचारतात, बटण नीट दाबलं का?

कायदा काय म्हणतो ते प्रत्येकीने माहीत करून घ्यावं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. मोबदला देऊन वस्तू घेणारी कोणीही व्यक्ती ग्राहक आहे. साहेब हा शब्द त्यात नाही. पोटासाठी स्वतः चालवायला घेतलेली घरघंटी किंवा टेम्पोही त्यात बसतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकानदाराच्या गावी जावं लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मात्र ‘गाडीच बदलून द्या’ ही मागणी टिकेलच असं नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार कंपनीच्या खटल्यात म्हटलं की वॉरंटीखाली सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, अख्खी गाडी बदलणं नाही. तेव्हा मागणी नेमकी ठेवा: कोणता दोष, किती खेपा, किती रजा, किती पैसे.

आणि कागद जपा. जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका, प्रत घेतल्याशिवाय निघू नका. ‘दोष नाही’ म्हणाले तर कोणती चाचणी केली ते लिहून मागा. फॉर्मवर पतीचा नंबर मागितला तर कशासाठी ते विचारा.

आमच्या गटाने महिन्यातला एक शनिवार अशा तक्रारी लिहायला ठेवला आहे. पहिल्या शनिवारी घरघंटीवाली आली होती. दुकानदाराची पावती तिने तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती. अर्ज आम्ही तिच्याच शब्दांत लिहिला आणि सही तिने केली. तुमच्याकडेही अशा पावत्या असतील. डबे उघडून बघा आणि आम्हाला कळवा.