नोकरीधंदा : नकाशा साइटवर नेताना

आपल्या वस्त्यांमधली किती तरी मुले, आणि आता मुलीही, आयटीआयमधून सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल होऊन रस्त्याच्या, रेल्वेच्या, बिल्डिंगच्या साइटवर लागतात. सुरुवातीला हातात प्रिझमचा दांडा येतो. दोन-दोन वर्षे दांडाच धरून राहिलेले तरुण आम्ही पाहिले आहेत आणि सहा महिन्यांत यंत्रामागे उभे राहिलेलेही. ऑफिसातला ऑटोकॅडचा नकाशा यंत्रात घालणे आणि यंत्रातली मोजणी परत नकाशावर आणणे ज्याला जमते, त्याला इंजिनियर शोधत येतो. म्हणून आज त्याविषयी. आई-वडिलांनीही वाचावे, मुलगा रात्री कशात डोके घालून बसतो ते कळलेले बरे.

ऑटोकॅडची स्वतःची फाइल डीडब्ल्यूजी. साइटवरच्या यंत्रात ट्रिंबल ॲक्सेस, लायका कॅप्टिव्हेट, कार्लसन सर्व्हसीई असे कोणते तरी सॉफ्टवेअर असते. बहुतेकांना समजणारी फाइल म्हणजे डीएक्सएफ. ऑटोकॅडबरोबर १९८२ सालीच ती निघाली. पाठवण्याआधी नकाशाची प्रत काढावी आणि प्रतीतले हॅच, फर्निचर, शीर्षकाची चौकट काढून टाकावी. ब्लॉक फोडावेत, बाहेरून जोडलेला नकाशा आत बाइंड करावा, नाहीतर साइटवर तेवढी जागा कोरी दिसते. यंत्र जुने असेल तर फाइल ‘२०००’ किंवा ‘आर१२’ या जुन्या प्रकारात सेव्ह करावी.

आता मापे. आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काढतो, सर्व्हेअर मीटरमध्ये मोजतो. सहा मीटरवरचा कॉलम सहा हजार मीटरवर दिसला की चूक लगेच कळते, त्याची भीती नाही. भीती न दिसणाऱ्या चुकांची.

सर्वांत मोठी अदलाबदल उत्तर-पूर्वेची. ऑटोकॅड आधी एक्स म्हणजे पूर्व मागते, मग वाय म्हणजे उत्तर. सर्व्हेअरच्या यादीत बहुधा क्रमांक, उत्तर, पूर्व, उंची, कोड असा क्रम असतो. क्रम न पाहता यादी आत घेतली की सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटतो. चौकोनी प्लॉट उलटला तरी चौकोनीच दिसतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. यावर सोपी खूण आहे. यूटीएम पद्धतीत महाराष्ट्रातला उत्तरेचा आकडा सात अंकी येतो, साधारण १७ लाख ते २४ लाख मीटर. पूर्वेचा सहा अंकी. एक्सच्या जागी सात अंक दिसले की तिथेच थांबावे. झोनही विचारून घ्यावा. मुंबई-पुणे झोन ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये.

दुसरी लपलेली गोष्ट अंतराची. पृथ्वी गोल, नकाशा सपाट; त्यामुळे यूटीएममधले अंतर टेपच्या अंतराशी तंतोतंत जुळत नाही. ७५ अंश रेखांशाजवळ, म्हणजे अहिल्यानगरच्या बाजूला, जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशात सुमारे ४० सेंटिमीटर कमी भरतो. मुंबईत उलट, २० सेंटिमीटरच्या आसपास जास्त. खोलीएवढ्या कामात हे जाणवत नाही, पण २०० मीटरच्या पुलाला अहिल्यानगरकडे आठ सेंटिमीटर होतात. रोव्हरने एक टोक आणि टोटल स्टेशनने दुसरे टोक धरले, स्केल फॅक्टर मात्र कोणी घातलाच नाही, की मग भांडण. साइटवर भांडण नेहमी खालच्या माणसापाशी येऊन थांबते. काँक्रीट फोडायलाही आपलेच मजूर लागतात आणि दोष दांडा धरणाऱ्या पोराचा ठरतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, ऑफिसातून आलेली फाइल जशीच्या तशी, तारखेसह वेगळी ठेवावी, बदल प्रतीवर करावेत. खुंट्या ठोकण्याआधी नकाशातले दोन माहीत असलेले बिंदू जमिनीवर मोजून पाहावेत आणि दोन्ही आकडे फील्ड बुकात लिहून सही घ्यावी. एक बिंदू पुरत नाही; नकाशा फिरलेला असेल तर एका बिंदूवरून कळत नाही. कागदावर इमारत सरळ दिसावी म्हणून नकाशा फिरवून ठेवण्याची खोड अनेकांना असते.

परत आणताना मूळ मोजणीची कच्ची फाइल आधी जपावी, मग सीएसव्ही काढावी. झाडाला, विहिरीला, रस्त्याच्या कडेला प्रत्येकी एकच कोड वापरावा. सकाळी एक आणि दुपारी दुसरा असे केले तर रेषा जुळत नाहीत. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये सहज म्हणून उघडून सेव्ह करू नये. ‘१-२’ हा बिंदू क्रमांक एक्सेल तारीख करून टाकते, ‘००७’ चा ७ होतो. साध्या नोटपॅडमध्ये पाहावे.

सरावासाठी पैसे घालण्याची गरज नाही. क्यूजीआयएस आणि लिब्रेकॅड ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, दोन्हींत डीएक्सएफ उघडते, आणि क्यूफील्ड साध्या अँड्रॉइड फोनवर चालते. घरासमोरच्या मैदानाचे चार कोपरे टेपने मोजून नकाशा काढावा, फोनमध्ये घालावा, परत आणावा. फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, त्याच्यावर खुंटी ठोकायची नाही.