आरोग्याच्या चार गोष्टी : हाडं जपून हालचाल

प्रश्न : सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरला आहे. पोलादपूरच्या नणंदबाई म्हणतात, सूर्यनमस्कार घालू द्या. शेजारणी म्हणतात, अंथरुणातून उठूच देऊ नका. कुणाचं ऐकू? – एक सून, महाड

उत्तर : भगिनी, दोन्ही टोकं नकोत. नुसतं पडून राहिलं की स्नायू गळतात, तोल जातो, शौचाला खडा होतो. उलट, रोगानं पोखरलेलं हाड भलत्या भारानं मोडू शकतं. २०२२ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानंही हेच सांगितलं, की धोका आणि फायदा दोन्ही तोलून, डॉक्टरांशी बोलून व्यायाम ठरवावा.

परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा त्यांच्या खारघरच्या केंद्रात तपासणीला न्याल, तेव्हा स्पष्ट विचारा : कोणतं हाड मोडण्याच्या बेतात आहे? किती वजन उचललेलं चालेल? फिजिओथेरपिस्टलाही दाखवा. एस.टी.त मात्र शेवटच्या बाकावर बसवू नका, फार दणके बसतात.

हे टाळा : सूर्यनमस्कार, हलासन, पश्चिमोत्तानासन. हंडा-कळशी उचलणं, नातवाला कडेवर घेणं, वाकून केर काढणं, पाट्यावर वाटणं, कंबर पिळून मागची वस्तू घेणं. अंग रगडून घेणंही नको.

डॉक्टरांनी होकार दिला, तर हे करता येईल : सपाट ओटीवर ५ मिनिटं चालणं, दिवसातून दोन-तीनदा. खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन ५ वेळा उठणं-बसणं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली करणं. सोबतीला कुणीतरी हवंच. नणंदबाईंकडे गेल्या तर चढणीच्या वाटा नकोत. आपल्याकडच्या पावसात अंगण शेवाळतं, तेव्हा चालणं घरातच.

रात्री झोपमोड करणारी नवी कळ आली किंवा पाय टेकताच मांडीत दुखलं, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा. पाय बधिर किंवा लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तत्काळ हॉस्पिटल गाठा, उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

व्यायामानं हा आजार बरा होणार नाही, हे मनाशी धरून चला. पण स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाता येणं, ही बाईमाणसाला केवढी मोठी गोष्ट असते! सासूबाईंनाच विचारा, त्यांना कशासाठी उठायचंय. तुळशीला पाणी घालायचं असेल, तर भरला तांब्या नको, हाती फुलपात्र द्या आणि शेजारी उभ्या राहा.